कॉन, जत्रा आणि वाचनालयाचा हॉल

चार माणसं एकत्र जमण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. संमेलन, अधिवेशन, परिषद, मेळावा, जत्रा, उरूस, बैठक... तरी हल्लीच्या मुलांनी हे सगळे बाजूला सारून ‘कॉन’ हा शब्द उचललाय. कन्व्हेन्शनचं शेपूट तोडून उरलेलं डोकं. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला हे खटकणारच. मीही आधी नाक मुरडलं. मग बसून विचार केला की याला आपला शब्द कोणता द्यावा. संमेलन म्हटलं की अध्यक्ष आला, उद्घाटक आला, शाल-श्रीफळ आलं, लांबलेली भाषणं आली. अधिवेशन म्हटलं की ठराव आले. या मुलांना हवंय ते जत्रेच्या जवळचं आहे. आमंत्रण नाही, ज्याला ओढ आहे त्यानं यावं, काहीजण सोंग घेऊन येतील, काहीजण पाट्या मांडून काहीबाही विकतील, आणि संध्याकाळी सगळे दमून घरी जातील. तेव्हा मी आपली ‘जत्रा’ म्हणते, मुलं ‘कॉन’ म्हणतात, आणि आमचं बरं चाललंय.

तर मंडळी, विषय असा. आमच्या तालुक्याच्या गावातल्या पंधरा-सोळा मुला-मुलींनी इथल्या वाचनालयाकडे अर्ज केलाय. एका रविवारी वरचा हॉल द्या, आम्हाला कॉमिक्स, ॲनिमे (म्हणजे जपानी चित्रपट आणि मालिका हो, आमच्या नागपूरच्या वहिनींसाठी खुलासा), सुपरहिरो वगैरेंच्या चाहत्यांचा मेळावा भरवायचाय. अर्ज स्वच्छ अक्षरात, खाली सगळ्यांच्या सह्या. त्यातल्या तिघांना मी पाचवीत शिकवलंय, म्हणून ‘बाई, तुम्ही समितीत आहात, जरा बोला ना’ असं साकडं माझ्याकडे आलं. पहिल्या बैठकीत अर्ज बाजूला ठेवला गेला. आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “वाचनालय हे वाचनासाठी असतं, बहुरूप्यांसाठी नव्हे.” दुसऱ्यांना मुखवट्यांची भीती वाटली, तिसऱ्यांना फरशीची. आता विषय पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे, आणि तोवर मी माझं म्हणणं इथे लिहून ठेवतेय. बैठकीत मला चार मिनिटं मिळतात, इथे मला कोण अडवणार!

पहिली गोष्ट फरशीची. याच हॉलमध्ये दिवाळीच्या आधी तीन दिवस साड्यांचा सेल असतो. भाडं मिळतं, छान आहे, मीही दोन घेतल्यात. पण त्या तीन दिवसांत तिथे कोणी ज्ञानेश्वरी वाचत असेल असं मला दिसलेलं नाही. असो.

दुसरी गोष्ट ‘हे आपलं नव्हे’ या आक्षेपाची. या आक्षेपाचं मला नेहमी नवल वाटतं, कारण आमची पिढी काय वाचून मोठी झाली? चांदोबा १९५२ साली मराठीत आला, तो मद्रासहून. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये निघाली, त्यातला वेताळ अमेरिकेतल्या एका माणसानं जन्माला घातलेला, आणि राहायचा म्हणे कुठल्याशा आफ्रिकी जंगलात कवटीच्या गुहेत. ते अंक आम्ही पांघरुणात बॅटरी लावून वाचले. आज समितीत बसणाऱ्या किमान दोघांच्या माळ्यावर ते अंक बांधून ठेवलेले आहेत, हे मला त्यांच्या सौभाग्यवतींकडून पक्कं ठाऊक आहे. (नावं सांगत नाही, काळजी नसावी.)

आणि चाहत्यांचं एकत्र येणं म्हणाल तर तेही आम्ही केलंय. बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झाली. गाण्यांचा क्रम लावताना अमीन सायानी आणि मंडळी रेकॉर्डच्या दुकानांतला खप पाहायची, त्याचबरोबर गावोगावच्या श्रोता संघांची मतंही विचारात घ्यायची. आमच्या दादानं आणि त्याच्या मित्रांनी असा एक संघ काढला होता. जागा सायकलच्या दुकानामागची खोली, सभासद अकरा, मालमत्ता एक रबरी शिक्का. बुधवारी रात्री आठला दुकानातला रेडिओ मोठा केला जायचा. अण्णांच्या मते ही उनाडकी होती. पण त्या अकरा जणांत एक न्हावी होता, एक तलाठ्याचा मुलगा, एक मुसलमान शिंपी, आणि आमचा दादा. १९६० च्या आसपास आमच्या गावात हे चौघे एका सतरंजीवर बसायला दुसरं कुठलंही कारण नव्हतं. गाण्यांची यादी हे कारण झालं. अमीन सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा त्या शिंप्याच्या मुलाचा दादाला फोन आला होता. एवढ्या वर्षांनी.

अशी उदाहरणं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघालं, ते जगभरचे सिनेमे एकत्र बसून पाहायच्या वेडातून. १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि इतर संग्राहकांनी मुंबईतच जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था काढली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. चोरबाजारातून उचललेल्या तबकड्या आणायच्या, एकमेकांना ऐकवायच्या, त्यांवरची माहिती टिपायची. त्या वेडापायी नाट्यसंगीताच्या किती तबकड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या असतील! तेव्हा नाटकाची तबकडी जमवणारा तो ‘संग्राहक’ आणि नारुतोचं चित्र जमवणारा तो ‘वाया गेलेला’, हा भेद मला मान्य नाही.

आता ही ‘कॉन’ प्रत्यक्षात सुरू कशी होते याकडे वळते, कारण आक्षेप घेणाऱ्यांना आणि मुलांना, दोघांनाही याची कल्पना नाही. आक्षेपवाल्यांना वाटतं हे कंपन्यांचं खूळ. मुलांना वाटतं की मुंबईच्या त्या मोठ्या हॉलमध्ये जे पाहिलं तसंच इथे झालं पाहिजे. माझ्या नातीनं मला एकदा मुंबईला त्या कॉमिक कॉनला नेलं होतं, म्हणून मला थोडं बोलायचा अधिकार आहे. भारतात हा प्रकार २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीला, दिल्ली हाटमध्ये सुरू झाला. मग शहरं वाढली, तिकिटं आली, आणि २०२४ च्या जानेवारीत नॉडविन गेमिंग नावाच्या कंपनीनं तो सगळा कारभार विकत घेतला. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. मला तिथली मुलं फार आवडली. एक मुलगा चिलखत घालून माझ्या शेजारी टेकला, म्हटलं हे लोखंडाचं का रे? तर म्हणाला, “नाही आजी, फोम आहे.” ईव्हीए नावाचा स्पंजासारखा जाड तक्ता मिळतो, तो कापायचा, गरम हवेच्या बंदुकीनं वाकवायचा, चिकटवायचा, वर रंग. दोन महिने लागले होते त्याला. आमच्या वेळी मुलं मखरासाठी थर्माकोल कापायची तशीच ही कला, थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली आणि हात बहुधा इकडे वळले. पण दिवसभरात मी हेही पाहिलं की बहुतेक मुलं रांगेत उभी होती. तिकिटाची रांग, खाण्याची, खरेदीची, फोटोची. कोणी कोणाशी बोलत नव्हतं असं नाही, पण बोलणं रांगेतल्या रांगेत. आणि आमच्या गावचं कोणी तिथे जायचं तर गाडीभाडं, तिकीट, राहणं... वर्षातून एकदा घरच्यांच्या हातापाया पडून.

जे सगळ्यात मोठं म्हणून सांगतात ते अमेरिकेतल्या सॅन दिएगोचं संमेलन. तिथे आज एक लाख तीस हजारांच्या वर माणसं येतात. त्याची सुरुवात काय? २१ मार्च १९७० ला एका हॉटेलच्या तळघरात एक दिवसाची छोटी बैठक, मोठ्या संमेलनासाठी पैसे उभे करायला. शंभर-सव्वाशे माणसं आली असतील. शेल डॉर्फ नावाचा तिशीतला माणूस, केन क्रूगर नावाचा त्याच्याहून थोराड पुस्तकविक्या, आणि बाकी सगळी शाळकरी पोरं! रिचर्ड आल्फ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा टपालानं जुनी कॉमिक्स विकायचा, त्यानं आपल्या गल्ल्यातून पैसे घातले, शिवाय त्याच्याकडे गाडी होती. ही पोरं चक्क जॅक कर्बी या मोठ्या चित्रकाराच्या घरी जाऊन त्याला बोलावून आली. ऑगस्टमधल्या तीन दिवसांच्या संमेलनाला तोही आला आणि रे ब्रॅडबरीसारखा लेखकही आला, श्रोते तीनशे. तीनशे म्हणजे आमच्या वाचनालयाच्या कोजागिरीला येतात तेवढे. आणि आजही ते संमेलन विनानफा संस्थाच चालवते.

जपानचं उदाहरण मला याहून प्रिय आहे. टोकियोत तेव्हा चाहत्यांचं एक मोठं संमेलन होतं, मांगा ताइकाई. एका चाहतीनं त्याच्या कारभारावर टीका केली म्हणून १९७५ साली तिला प्रवेश नाकारला. (वाचून मला आपली बरीच मंडळं आठवली.) त्यावरून चिडून योशिहिरो योनेझावा आणि त्याच्या मित्रांनी आपलं वेगळं काढलं, कॉमिक मार्केट. २१ डिसेंबर १९७५, बत्तीस गट, सातशेच्या आसपास माणसं. स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या चित्रकथांच्या वह्या घेऊन टेबलं मांडायची. योनेझावा तेव्हा बावीस वर्षांचा होता. आज तिथे लाखांनी माणसं येतात, तरी सगळं चालतं स्वयंसेवकांवर. आणि त्यांचा एक नियम असा की इथे कोणी गिऱ्हाईक नाही. विकणारा, घेणारा, खुर्च्या लावणारा, सगळे ‘सहभागी’. हा नियम मला एवढा पटला की मी तो मुलांना फळ्यावर लिहून दाखवला. सवय जात नाही.

भांडणं मात्र सगळीकडे असतात बरं का. विज्ञानकथांचं पहिलं जागतिक संमेलन न्यूयॉर्कला १९३९ च्या जुलैत भरलं, दोनेकशे माणसं, आणि दारातच सहाजणांना आयोजकांनी आत येऊ दिलं नाही. त्यांत फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वोलहाइम होते, जे पुढे त्या क्षेत्रातले मोठे लेखक-संपादक झाले. त्याच गटातला आयझॅक आसिमॉव्ह मात्र आत शिरला! त्याच संमेलनात मर्टल डग्लस नावाच्या बाईनं स्वतःसाठी आणि आपल्या मित्रासाठी भविष्यातल्या माणसांचे पोशाख शिवून आणले होते, घालून दोघं हिंडले. आज ज्याला कॉसप्ले म्हणतात त्याची सुरुवात इथून सांगतात. शिवणयंत्र चालवणाऱ्या त्या बाईचं नाव कितीतरी वर्षं मागेच पडलं होतं, हेही जाता जाता सांगते.

टोकियोच्या त्या पहिल्या दिवसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राखून ठेवली होती. आलेल्यांपैकी नव्वद टक्के मुली होत्या. शाळा-कॉलेजातल्या. हे वाचल्यापासून माझं मत नुसतं ‘द्या बापडा हॉल’ एवढं राहिलेलं नाही.

आमच्या गावात सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं संध्याकाळी कुठे जावं? तालीम आहे, मैदान आहे, एसटी स्टँडचा कट्टा आहे, चार गणेश मंडळांची कार्यालयं आहेत, टपरी आहे. मुलीनं कुठे जावं? क्लास. क्लासहून घरी. देवळात गेली तर आईबरोबर. मैत्रिणीकडे गेली तर ‘कुणाकडे, किती वाजेपर्यंत, तिच्या घरी कोण असतं’. अर्ज करणाऱ्या सोळांपैकी नऊ मुली आहेत. त्यांची म्होरकी इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आहे, बारावीनंतर पुण्याला पाठवणं वडिलांना परवडलं नाही. ती सुरेख चित्रं काढते. हिशेबाच्या वहीत, मागच्या पानापासून. मी म्हटलं, दाखवतेस कुणाला? तर म्हणाली, “बाई, मोबाइलवर साठजण बघतात. पण त्यांतल्या चाळीसजणांना मी कधी पाहिलेलंच नाही, आणि ते सगळे याच गावातले आहेत.”

मला हे वाक्य फार लागलं. एका गावात राहून, एकच गोष्ट आवडून, एकमेकांना न पाहिलेली साठ मुलं. आम्ही अकराजणांत एक शिक्का घेऊन श्रीमंत होतो.

म्हणून मी समितीला सांगणार आहे की हॉल द्या, आणि भाडं साड्यांच्या सेलइतकं घेऊ नका. पण मुलांनाही मी काही सुनावलंय. त्यांच्या पहिल्या बेतात डीजे होता, भला मोठा फ्लेक्स होता, मानधन घेणारा कोणी यूट्यूबवाला पाहुणा होता, आणि प्रायोजक म्हणून एक कोचिंग क्लास होता. म्हटलं, फ्लेक्स लावलात की त्यावर फोटो कुणाकुणाचे यावरून आधी भांडण होईल. क्लासवाल्याचे पैसे घेतलेत की सकाळी त्याचं अर्ध्या तासाचं मार्गदर्शन ऐकावं लागेल. आपल्या साहित्य संमेलनाचंच बघा. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची पहिली सभा भरली तेव्हा माणसं पुस्तकांविषयी बोलायला जमली होती. आज बातम्यांत मंडपाचा खर्च आणि व्यासपीठावर कोणते मंत्री याचीच चर्चा जास्त. (संमेलनाला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, रागावू नका, पुस्तकांच्या गाळ्यांसाठी मीही जाते.)

त्यापेक्षा प्रत्येकानं वीस रुपये काढावेत. आयोजकांनी सुद्धा, मी सुद्धा. दहा ते पाच एवढीच वेळ. टेबलं वाचनालयाचीच. एका टेबलावर चित्रं काढणं, एकावर जुन्या कॉमिक्सची अदलाबदल, दुपारी प्रश्नमंजुषा, आणि ज्याला पोशाख करून यायचंय त्यानं यावं. माळ्यावर इंद्रजाल बांधून ठेवलेल्या काकांनाही बोलवा, त्यांना वेताळाबद्दल बोलू द्या, बघा कसे खुलतात ते. पोशाख केलेल्या मुलींचे फोटो न विचारता काढायचा प्रकार सगळीकडे होतो. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉननं २०१४ मध्ये दारातच पाट्या लावल्या होत्या, की पोशाख घातला म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. आपल्या दारावरही मोठ्या अक्षरात पाटी हवी, आणि पाटीपाशी एक खमका माणूस. ती जागा मी मागून घेतलीय. शेहेचाळीस वर्षांच्या बाप्याला सुद्धा माझ्यासमोर मोबाइल खिशात घालताना मी पाहिलंय, तो माझा विद्यार्थी होता.

आणि शेवटची अट, हिचं महत्त्व मुलांना सगळ्यात कमी वाटलं, मला सगळ्यात जास्त वाटतं. पाच वाजता पांगायच्या आधी पुढची तारीख जाहीर करायची आणि हिशेब भिंतीवर लावायचा. एकदाच झालेला मोठा समारंभ म्हणजे लग्न, फोटो उरतात. दर तीन महिन्यांनी, वीसच माणसं का येईनात, पण ठरल्या दिवशी दार उघडं असलं की मग त्याला माणसं आपलं म्हणतात. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आलीय ती दर वर्षी ठरल्या वेळी माणसं येऊन बसतात म्हणूनच ना?

एकत्र आल्यानं होतं काय, असा प्रश्न आमच्या धाकट्या दिरांनी फोनवर विचारला. त्यांना मी ‘वेदरिंग विथ यू’ या जपानी चित्रपटाची गोष्ट सांगितली. तो आपल्याकडे लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी एक विनंतीपत्र काढलं, त्यावर पन्नास हजारांच्या वर सह्या झाल्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तो भारतातल्या थिएटरांत लागला. दीर म्हणाले, “सिनेमा लागला, पुढे काय?” पुढे काही नाही हो भावजी. सिनेमा लागला, मुलांनी पाहिला. आपण संगीत नाटकाचे तीन अंक पाहून पहाटे घरी यायचो, तेव्हा पुढे काय होत होतं?

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. सात सभासदांपैकी दोघं माझ्या बाजूनं आहेत, एक कुंपणावर. कुंपणावरच्या गृहस्थांच्या पत्नी हा मजकूर वाचतात हे मला माहीत आहे. वहिनी, माळ्यावरचं ते गाठोडं जरा खाली काढून ठेवा, मी शुक्रवारी येतेय.